काचेवरचं कुंकू

नसरीन, तुझ्या शोकसभेत मी एक शब्द बोलले नाही, आणि त्याचं कारखान्यात बऱ्याच जणांना वाईट वाटलं म्हणे. वाटू दे. कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली होती. तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून त्याला हार घातला होता. त्या फोटोत तुझे डोळे अर्धवट मिटलेले आहेत, तुला तो मुळीच आवडायचा नाही, आणि यांना नेमका तोच सापडला. मॅनेजरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "नसरीन मॅडम रिअ‍ॅक्टरच्या आत काय चाललंय ते मिनिटामिनिटाला बघायच्या, पण स्वतःच्या शरीरात काय चाललंय ते बघायला विसरल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी "वा" म्हणालं. शोकसभेत "वा"!

मला उठून विचारायचं होतं, साहेब, डेंग्यू झालेल्या माणसानं आत कुठला प्रोब घालून बघायचं असतं? तू काहीही विसरली नव्हतीस. ताप आला तशी डॉक्टरकडे गेलीस, रक्त तपासलंस, धुळ्याला अम्मीकडे जाऊन पडलीस, दवाखान्यात दाखल झालीस. शहाण्या माणसानं जे करावं ते सगळं केलंस आणि तरीही गेलीस. यात तुझी चूक कुठे होती? पण माणूस गेला की त्याची एखादी चूक शोधून काढल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. तशी चूक सापडली की आपल्याला काही होणार नाही, असं वाटत असावं.

पहिल्या रांगेत तुझा भाऊ बसला होता. त्याच्यासमोर तमाशा नको म्हणून मी सगळं गिळलं आणि बुंदीची पुडी घेऊन घरी आले. पण त्यानंतर इथे जे झालं ते गिळण्यासारखं नाही. तुला ते दुसरं कोणी सांगणार नाही, आणि कोणी सांगितलंच तर उलटं सांगेल. म्हणून मीच सांगते.

तू आमच्याकडे आलीस तेव्हा मी लॅबची प्रमुख होते आणि माझी लॅब म्हणजे शेवटचा शब्द होता. जळगावच्या एमआयडीसीतला आपला हा रेझिनचा कारखाना म्हणजे खरं तर एक भली मोठी कढई. ग्लायकोल आणि आम्लं एकत्र करून गरम तेलाच्या आचेवर शिजवायची. पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि लहान लहान रेणू एकमेकांना जोडले जात लांबच लांब साखळ्या तयार होतात. वेळेवर आच काढली तर उत्तम रेझिन, पाण्याच्या टाक्यांना आणि छपराच्या पत्र्यांना चालणारं. उशीर झाला तर साखळ्या एकमेकींत गुंततात आणि बघता बघता सगळी बॅच आतल्या आत घट्ट होते. मग म्हणायचं, रिअ‍ॅक्टर बसला. मग छिन्नी-हातोडा घेऊन माणसं आत उतरायची आणि दगड फोडावा तसं रेझिन फोडत बसायची.

हे टाळायला आमची जुनी रीत होती. ऑपरेटरनं नमुना काढायचा, लॅबमध्ये आणायचा, आम्ही तो निववून, विरघळवून, ब्युरेटनं थेंब थेंब अल्कली सोडत गुलाबी रंग येईपर्यंत बघायचं आणि आम्लांक कळवायचा. आम्लांक म्हणजे अजून किती आम्ल जोडलं जायचं राहिलंय त्याचा आकडा. तो ठरल्या जागी आला की आच बंद. मला माझ्या ब्युरेटचा अभिमान होता. तू आल्या आल्या, अजून खुर्चीत नीट बसलीही नव्हतीस, आणि म्हणालीस, "अक्का, तुमचं ब्युरेट खोटं बोलत नाही, पण उशिरा बोलतं. तुम्ही आकडा सांगता तोवर कढई पुढे निघून गेलेली असते."

मला राग आला. राग यायचं कारण हे की ते खरं होतं.

तुझ्या त्या यंत्राचं मला आधी हसूच आलं होतं. डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या जरासा पलीकडचा, न दिसणारा अवरक्त प्रकाश म्हणे बारीक तंतूतून रिअ‍ॅक्टरमध्ये सोडायचा. एका लोखंडी दांडीच्या, म्हणजे तुझ्या त्या प्रोबच्या, टोकाला नीलमण्याची इवलीशी काच, ती उकळत्या रेझिनमध्ये बुडालेली. त्या प्रकाशातला थोडा आम्ल खातं, थोडा ग्लायकोल खातं, थोडा पाणी खातं, आणि जे उरतं त्याचा नागमोडी आलेख पडद्यावर येतो. मी म्हटलं, "बाई, ही तर पत्रिका झाली. यातून आम्लांक कसा वाचायचा?" तू म्हणालीस, "त्याला वाचता येत नाही, अक्का. तुम्ही शिकवायचं."

आणि मग तू वर्षभर माझा जीव खाल्लास. प्रत्येक नमुन्याचा आलेख तुझ्याकडे आणि आकडा माझ्याकडून. एकच नमुना पुन्हा कर, वेगळ्या हातानं कर, उन्हाळ्यात कर, पावसाळ्यात कर. मे महिन्यात जळगावात लॅबचा कूलर गरम हवा फेकत असताना तू दारात उभी राहून म्हणायचीस, "अक्का, हा आकडा मला जरा गोड वाटतोय, परत करून बघाल?" गोड, म्हणजे जरा जास्तच सोयीचा! माझ्या आकड्याला गोड म्हणणारी तू पहिलीच. बिघडलेल्या बॅचचे नमुने मी फेकायला निघाले की धावत यायचीस. "ते फेकू नका, यंत्राला वाईटही दाखवायला पाहिजे. नुसत्या चांगल्या बॅच बघून मोठं झालं तर वाईट ओळखणार कसं?" भडगावला माझी आई आम्हा भावंडांना हेच सांगायची, वेगळ्या शब्दांत. तेव्हा तुझ्यावरचा राग जरा उतरला.

तो संपूर्ण उतरला तो तुमच्या घरी. आठवतं, धुळ्याला निघालो होतो तेव्हा पारोळ्याच्या पुढे बस बंद पडली आणि आपण रस्त्याकडेच्या हॉटेलात शेवभाजी खाल्ली. तुझ्या नाकातून पाणी यायला लागलं तरी तू पोळी बुडवतच होतीस. घरी गेलो तर तुझे अब्बू विहिरीच्या मोटारीचं वाइंडिंग करत अंगणातच बसलेले. तू त्यांच्यासमोर मला म्हणालीस, "ही माझी अक्का. माझ्या यंत्राची मास्तरीण." अम्मीनं माझ्या हातावर हात ठेवला. त्या दिवसापासून मला कारखान्यात मॅडम म्हणणाऱ्या लोकांची मला फारशी गरज उरली नाही.

पण आपलं भांडण होतंच, आणि ते मिटलं नाही.

यंत्र आकडे बरोबर सांगायला लागलं, माझ्या ब्युरेटशी जुळायला लागलं, इथपर्यंत मी तुझ्याबरोबर होते. मग तू म्हणालीस, आता व्हॉल्व्हही त्यालाच बंद करू द्या. आम्लांक ठरल्या जागी आला की गरम तेल आपोआप बंद, थंड पाणी आपोआप चालू, मध्ये माणूस नाही. मी म्हटलं, नाही. यंत्रानं दाखवावं, करावं माणसानं. तू म्हणालीस, "दूध उतू जाताना दिसतंय आणि गॅस बंद करायला शेजारणीला हाक मारायची, असं झालं हे." मी म्हटलं, दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो, रिअ‍ॅक्टर बसला तर माणसं आत उतरवावी लागतात. तू म्हणालीस, "माणसंच तर उशीर करतात, म्हणून माणसं उतरवावी लागतात!" कॅन्टीनमध्ये आपल्या टेबलाजवळ लोक बसायचे बंद झाले होते. आपला ऑपरेटर धनाभाऊ चहा घेऊन यायचा आणि आपल्या दोघींकडे बघून लांबूनच परत जायचा.

शेवटी शेठनी तुझ्या बाजूनं निकाल दिला. व्हॉल्व्ह यंत्राच्या ताब्यात गेला, म्हणजे ऑटो चालू झालं. मी तुझ्याशी आठवडाभर धड बोलले नाही. तेव्हा तू काय केलंस? माझ्या भीतीसाठी एक दिवा लावलास. यंत्रासमोर एखादा आलेख असा आला की तसा त्यानं आधी कधी पाहिलेलाच नाही, तर त्यानं अंदाज बांधायचाच नाही. लाल दिवा, भोंगा, पडद्यावर मराठीत अक्षरं: "हे मी आधी पाहिलेलं नाही. लॅबला विचारा." आणि आच आपोआप कमी, आणि सगळं माणसाच्या हातात परत. शिवाय दर तासाला एक नमुना माझ्याकडे, पडताळणीला. तू म्हणालीस, "अक्का, आता तरी? त्याला काही कळलं नाही की ते तुमच्याकडे येईल. माझ्याकडे नाही, तुमच्याकडे." मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं.

नसरीन, मला माणसांची चीड आली आहे ती इथून पुढे.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांत नवरात्र आलं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते, तुला माहीतच आहे. रिअ‍ॅक्टर रिकामा करून धुतात, तुझा प्रोबही बाहेर काढून टेबलावर ठेवतात, सगळ्या यंत्रांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. त्या दिवसांत मी सुट्टीवर असते, दसऱ्याला भडगावच्या विहारात कार्यक्रम असतो, त्यामुळे ही पूजा मी कधी पाहिलेलीच नाही. तू मात्र दरवर्षी असायचीस. बाजारातून झेंडूच्या माळा तूच आणायचीस, यंत्राच्या कपाटाला तूच बांधायचीस, प्रसादाचं खोबरं माझ्यासाठी रुमालात बांधून ठेवायचीस. आणि पूजेआधी प्रोबच्या टोकावर स्टीलची एक वाटी उपडी घालायचीस. धनाभाऊ त्या वाटीला कुंकू लावायचा आणि पुढे जायचा. ती वाटी कशासाठी, हे तू कोणाला सांगितलं नव्हतंस. सांगून कोणाचं मन कशाला दुखवायचं, असं तुझं. मला तुझ्या या सौजन्याचाही राग येतो आहे, हे ऐकून ठेव. एक वाक्य सांगून ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?

यंदा वाटी नव्हती. धनाभाऊनं काचेलाच कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी पुसायला गेला तर ते निघेना, म्हणून खोबरेल तेलाचा फडका फिरवला. काच त्याला लख्ख दिसली. पण त्या न दिसणाऱ्या प्रकाशाला तेलाचा पातळ थरही दिसतो, आणि रिअ‍ॅक्टरच्या आचेवर तेल आणि कुंकू काचेवर भाजून बसले. दसऱ्यानंतरची पहिलीच बॅच. यंत्राला वाटत राहिलं की अजून पुष्कळ आम्ल शिल्लक आहे, आणि ते आच देत राहिलं.

आता तू विचारशील, मग लाल दिवा?

दिवा बंद होता. त्या आठवड्यात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला यायची होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, पाहुण्यांसमोर भोंगा वाजला तर काय शोभा? त्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि दिवा, भोंगा आणि त्यांच्यामागची ती आच कमी करणारी सोय, तिन्ही बंद करून घेतली. तासातासाचा लॅबचा नमुनाही बंद केला. "आता मशीन आहे ना? डबल काम कशाला?" मी विरोध केला तेव्हा मला म्हणाले, "सुजाता मॅडम, तुम्हीच मशीनला सवतीसारखं वागवता." ऑटो मात्र चालूच ठेवलं, कारण पाहुण्यांना तेच तर दाखवायचं होतं. म्हणजे यंत्राला हात ठेवले आणि त्याचं तोंड शिवलं.

बॅच बसली त्या दिवशी मी धुळ्याला होते, तुझ्या अम्मीसमोर. तिनं तुझी पुस्तकं माझ्यापुढे ठेवली होती, यातलं काय ठेवू, काय देऊ, म्हणून. तेवढ्यात फोन आला. मी "रिअ‍ॅक्टर बसला" एवढंच म्हणाले, आणि अम्मीचा चेहरा पडला. तिला तो शब्द तुझ्या तोंडून माहीत होता. तिनं विचारलं, "नसरीनवाला?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "उसकी गलती तो नहीं थी ना, बेटा?"

बघ, तिलाही तेच विचारावंसं वाटलं. तुझ्या आईला, त्या अवस्थेत! मी तिला "नाही" म्हटलं तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. नुसत्या विश्वासावर म्हटलं. मग ते "नाही" खरं करून दाखवायची जबाबदारी माझ्यावर आली.

परत आले तर अहवाल तयार होता. बॅच का बसली याचं कारण एका ओळीत: यंत्राच्या गणितात मूळचा दोष, संबंधित अभियंता हयात नाहीत. संबंधित अभियंता! मेलेल्या माणसावर खापर फोडण्यासारखी सोय जगात दुसरी नाही. ते माणूस उलटून बोलत नाही, राजीनामा देत नाही, कोर्टात जात नाही. खाली माझ्या सहीची जागा रिकामी ठेवली होती.

आणि कॅन्टीनमध्ये तर त्याहून वाईट चाललं होतं. मी चहाला गेले तर पॅकिंगमधला एक जण दुसऱ्याला सांगत होता की, त्या बाईच्या मशीनला आपलं कुंकू चाललं नाही बघ. दुसरा हसला. नसरीन, तुझ्या हातच्या माळा दरवर्षी ज्यांच्या डोक्यावर लटकल्या, तू आणलेले पेढे ज्यांनी खाल्ले, ती ही माणसं. मी चहाचा कप टेबलावर आपटला आणि त्याला म्हटलं, "दरसाल त्या यंत्राला झेंडूची माळ कोण बांधायचं रे? तू बांधत होतास का? तुझ्या तर कधी डोळ्यांना दिसली नाही ती!" तो उठून गेला. मला एवढं मोठ्यानं बोलता येतं, हे मलाही नवीनच होतं.

धनाभाऊ माझ्या मागोमाग लॅबमध्ये आला. पिंपळनेरकडचा हा धिप्पाड माणूस, रिअ‍ॅक्टर बसल्यावर छिन्नी घेऊन आत उतरलेल्यांत तो पहिला होता, केसांत अजून रेझिनची कपची होती. दारातच रडायला लागला. "अक्का, मन्हाच हातनं व्हयनं. काचले कुंकू मीच लावं. दरसाल वाटीवर लावू, यंदा वाटीच नव्हती. ती पोर वाटी कसाले ठेये ते माले आते समजनं." मग म्हणाला, "मन्हं नाव लिखी द्या, पन तिन्हं नाव काढा. ती मरी गयी शे."

मी त्याला पाणी दिलं आणि तुझ्या संगणकापुढे बसले. यंत्राचं तोंड शिवलं होतं, पण मन शिवता आलं नव्हतं. भोंगा वाजला नाही, दिवा लागला नाही, तरी आतल्या नोंदीत बॅचच्या पहिल्या मिनिटापासून तीच ओळ येत होती. हे मी आधी पाहिलेलं नाही, लॅबला विचारा. हे मी आधी पाहिलेलं नाही, लॅबला विचारा. बॅच घट्ट होईपर्यंत. तुझं यंत्र पहिल्यापासून मला हाक मारत होतं आणि मला कोणी ऐकू दिलं नाही. मी तिथे बसून जी रडले ते शोकसभेत रडायला हवं होतं, असं लोक म्हणतील. तिथे मला रडू नव्हतं आलं. इथे आलं, कारण ते अगदी तुझ्यासारखं वागलं होतं. जे कळत नाही ते कळत नाही म्हणून सांगायचं, हे तू त्याला शिकवलं होतंस, आणि इथे तेवढं पगारी माणसांनाही येत नाही.

शेठच्या केबिनमध्ये मी तो कागद सही न करता परत ठेवला. मॅनेजरसाहेब म्हणाले, "ठीक आहे, मग धनाचं नाव टाकू. ऑपरेटरची चूक." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "पूजा करायला त्याला तुम्हीच सांगितलं होतं, तबक तुम्हीच धरलं होतं. कुंकू लावल्यावर यंत्र ओरडत होतं. ज्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला त्याचं नाव टाका." मग साहेब हळूच हसले आणि म्हणाले, "पण मॅडम, ऑटोच्या विरोधात तर तुम्हीच होतात ना? सगळ्या कारखान्याला माहीत आहे. तुमचंच खरं झालं की!"

नसरीन, मला आयुष्यात कोणी एवढी घाणेरडी शिवी दिली नव्हती. आपलं भांडण, आपल्या दोघींचं, कॅन्टीनच्या टेबलावरचं, चहा निवेपर्यंत चालणारं, ते या माणसानं उचललं आणि तुझ्याच विरोधात वापरलं. म्हणे माझं खरं झालं! मला असं खरं व्हायचं नव्हतं. तुझ्याशी भांडताना मला जिंकायचंही नव्हतं खरं तर. मला तू दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा घेऊन यायला हवी होतीस, एवढंच.

मी शेठना म्हटलं, "मी विरोधात होते. अजूनही आहे. पण ही बॅच ऑटोनं बसवलेली नाही. यंत्राला त्याच्या रक्षकासकट एक बॅच चालवू द्या. दिवा चालू, भोंगा चालू, तासाचा नमुना माझ्याकडे. त्यात ते चुकलं तर तुम्ही लिहिलंय त्याच ओळीखाली मी सही करीन आणि प्रोब माझ्या हातानं काढून ठेवीन." शेठनी संगणकावरच्या त्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग मॅनेजरसाहेबांना विचारलं, "दिवा बंद करायला कोणी सांगितलं होतं?" साहेब खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची नोकरी गेलेली नाही, तशी आशाही धरू नकोस. पण तो अहवाल फाडला, आणि नवीन अहवालात तुझंही नाव नाही आणि धनाभाऊचंही नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली साहेबांना सही करावी लागली.

आज ती बॅच लावली.

सकाळीच काच मी स्वतः पुसली, धनाभाऊनं भिंग धरलं. पडद्यावर आलेख आला, आणि यंत्र काही बोललं नाही, म्हणजे ओळखीचं आहे. पाणी बाहेर पडायला लागलं, आम्लांक उतरायला लागला. दर तासाला नमुना, दर तासाला माझं ब्युरेट, आणि दर वेळी दोन्ही आकडे जुळायचे. अर्धा कारखाना काही ना काही निमित्त काढून तिथून फेऱ्या मारत होता. कॅन्टीनमधला तोही येऊन गेला. मॅनेजरसाहेब तेवढे आले नाहीत. आकडा ठरल्या जागेच्या जवळ आला तेव्हा माझा हात आपोआप व्हॉल्व्हच्या चाकाकडे गेला. सवय. मी तो मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे धरले आणि उभी राहिले. खरं सांगते, इतकं कठीण काम मी कधी केलं नाही. काहीच न करणं.

खट्ट आवाज झाला. गरम तेल बंद. पाण्याचा आवाज सुरू झाला. धनाभाऊ ओरडला, "अक्का, आपेआप बंद व्हयना!" आणि मग आपल्याच ओरडण्याची लाज वाटून भिंग पुसायला लागला. मी नमुना घेऊन लॅबमध्ये गेले, थेंब थेंब अल्कली सोडली, गुलाबी रंग आला. माझा आकडा तुझ्या यंत्राच्या आकड्यावर तंतोतंत बसला, आणि माझा आकडा येईपर्यंत कढई कधीच निवायला लागली होती. माझ्या हातात असती तर मी अजून गुलाबी रंगाची वाट बघत असते.

संध्याकाळी अम्मीला फोन केला. म्हटलं, नसरीनची चूक नव्हती, आता मला माहीत आहे. मग तिनं विचारलं, "तूने खाना खाया?" मी खाल्लं म्हणाले, खाल्लं नव्हतं.

तू जिंकलीस, नसरीन. व्हॉल्व्ह त्यालाच बंद करू द्यायला हवा, तू म्हणत होतीस तेच बरोबर. हे ऐकायला तू वर्षभर माझ्या डोक्याशी कटकट केलीस, आणि आता मी म्हणते आहे तेव्हा खुर्ची रिकामी. जिंकलेल्या माणसानं निदान समोर बसून हसायचं असतं. एवढी साधी रीतसुद्धा तुला पाळता आली नाही, आणि याबद्दल मी तुला कधीही माफ करणार नाही.